कच्च्या स्त्रीबीजाची आढी

मैत्रिणींनो, आंब्याची आढी आपल्याला काही नवी नाही. पाडाला आलेला आंबा गवतात, बेताच्या उबेत ठेवला की आतूनबाहेरून पिकतो. पण कोवळाच उतरवलेला आंबा? वरून पिवळा दिसतो, आत मात्र आंबट! प्रयोगशाळेत कच्चं स्त्रीबीज पक्व करताना शास्त्रज्ञांपुढे हीच अडचण असते, बरं का.

तुम्ही म्हणाल, कच्चं बीज काढायचंच कशाला? नेहमीच्या टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बरेच दिवस हार्मोनची इंजेक्शनं देऊन बीजं शरीरातच पक्व करतात आणि मग काढतात. पण पीसीओएस असलेल्या काही जणींना ही इंजेक्शनं बाधतात. बीजकोश सुजतात, पोटात पाणी साठतं, क्वचित जिवावरही बेततं. एखादीला कर्करोगाचे उपचार तातडीने घ्यायचे असतात. तिच्याजवळ तेवढे दिवसच नसतात. अशा स्त्रियांना ही बाहेरची आढी उपयोगी पडू शकते.

1935 साली अमेरिकेत पिंकस आणि एन्झमन यांनी सशाची बीजं बीजकोशातून बाहेर काढली, तेव्हा ती आपोआप पक्व होऊ लागली! म्हणजे बीजकोशच त्यांना थोपवून धरत होता. 1965 मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट एडवर्ड्‌स यांनी दाखवलं, की मानवी बीजाला यासाठी सुमारे दीड दिवस लागतो. या पद्धतीने पहिली बाळं जन्मली ती दक्षिण कोरियात, 1991 च्या सुमारास.

आता ही आढी कशी असते, ते पाहू. ऊब 37 अंश सेल्सिअस, शरीराएवढीच. बीज गार पडलं, तर त्यातली गुणसूत्रं वाटून देणारी नाजूक तंतूंची रचना मोडते. भोवतालच्या हवेत 5 ते 6 टक्के कार्बन डायॉक्साइड ठेवतात, म्हणजे द्रवाची आम्लता बिघडत नाही. द्रवात साखर, अमिनो आम्लं, प्रथिनं आणि थोडं हार्मोन असतं. शिवाय बीजाभोवतीच्या सोबतिणी पेशी शक्यतो तशाच राहू देतात, कारण बीजाला खाऊपिऊ घालतात त्या! एकट्या बीजाचं नीट पोषण होत नाही.

एवढं करूनही घाई नडते. बीजाचं केंद्रक लवकर पक्व होतं. 46 गुणसूत्रांची 23 होतात. पण भोवतीचा जीवरस, ज्याच्या बळावर पुढे गर्भ वाढायचा, तो मागे राहतो. वरून पिवळा, आत आंबट! म्हणून बेल्जियम आणि व्हिएतनाममधल्या संशोधकांनी युक्ती केली. आधी सुमारे 24 तास बीजाला मुद्दाम थोपवायचं, तेवढ्यात जीवरस सिद्ध होऊ द्यायचा, आणि मग 30 तास पक्व करायचं.

तरीही नेहमीच्या उपचारापेक्षा यात यश साधारणपणे कमीच, हे लक्षात असू द्या. तुमच्या ओळखीत कुणी अशा उपचाराच्या विचारात असेल, तर तिला तीन प्रश्न विचारायला सांगा. केंद्र 2021 च्या कायद्याखाली नोंदलेलं आहे का? या पद्धतीने तिथे किती बाळं जन्मली? आणि आपल्याला हीच पद्धत का सुचवली? विचारायला संकोच कसला? साधी कैरी घेतानासुद्धा आपण दहा वेळा विचारतो, मग हा तर आपल्या देहाचा प्रश्न!