डाग दिसला म्हणजे टीबीच?

छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला की आपल्याकडे तोंडात पहिलं नाव येतं टीबीचं. नवल नाही; टीबी आपल्याकडे आहेच तेवढा, आणि खोकला, वजन घटणं, थुंकीतून रक्त ही लक्षणं फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही तीच. घोटाळा पुढे होतो. थुंकीत जंतू सापडलेला नसतानाही गोळ्या सुरू होतात, ‘कोर्स पूर्ण करा’ म्हणता म्हणता सहा महिने जातात आणि गाठ वाढत राहते. टीबीचा जंतू शोधणारी थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. ती निगेटिव्ह आली आणि औषधं घेऊनही डाग हटत नसेल, तर डॉक्टरांकडे सीटी स्कॅनचा विषय काढायलाच हवा. टीबी सापडला म्हणून कॅन्सर नाही, असंही नसतं. दोन्ही एकत्र असू शकतात.

‘एक्स-रे क्लिअर आहे’ हा दिलासाही अर्धाच. हृदयामागची किंवा बरगडीआडची लहान गाठ त्यात लपते.

‘आमच्यात बिडीला कोणी शिवलेलं नाही’ हेही कवच नव्हे. प्रदूषित हवा फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2013 मध्येच जाहीर केलंय. चुलीचा धूर आहेच.

सगळ्यात महागात पडतो तो समज म्हणजे ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’. सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. या सुईच्या तपासणीत, म्हणजे बायोप्सीत, सीटीवर जागा बघून, कातडी बधिर करून, रुग्णाला क्षणभर श्वास रोखायला सांगून दोऱ्याएवढे बारीक तुकडे काढतात. खरा धोका असतो तो फुप्फुसातून हवा गळण्याचा. म्हणून नंतर काही तास लक्ष ठेवतात, एक्स-रे काढतात. त्या तुकड्याशिवाय निदान पक्कं होत नाही. नुसत्या पेट स्कॅनवर भागत नाही; त्यात टीबीची गाठही चमकते. शिवाय ईजीएफआरसारख्या जनुकांतले बदल बहुधा त्याच तुकड्यात तपासतात. ईजीएफआरमधला बदल पाश्चात्त्यांपेक्षा भारतीय रुग्णांत जास्त आढळतो, आणि तो असेल तर गोळ्यांचे उपचार करता येतात. घाबरून बायोप्सी टाळणारा हा पर्यायही गमावतो.

आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्म रद्दीत घालू नका. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण वर्षानुवर्षं तसाच राहतो, गाठ वाढते. हा फरक कळायला कधीकधी तीच जुनी फिल्म कामी येते.