मोरीच्या पाण्यातली ऊब

हिवाळ्यात आपल्या मेळघाटात पहाटे चूल पेटते ती आधी आंघोळीच्या पाण्यासाठी. मोळी डोक्यावर आणायची, धूर सोसायचा, आणि तापवलेलं पाणी घटकाभरात मोरीतून वाहून जातं. जाताना ते कोमटच असतं. म्हणजे लाकडाची ऊब आपण नालीत सोडतो.

एका घरचं पाणी अंगण ओलांडेस्तोवर गार होतं. पण मोठ्या शहराचं सांडपाणी जमिनीखालून वाहतं, ते हिवाळ्यातही बाहेरच्या हवेपेक्षा उबदार राहतं. फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरात हिवाळ्यात बर्फ पडतो. तिथं २००६ सालापासून कत्री वाला नावाच्या बागेखाली एक केंद्र चालतं. शुद्ध केलेलं सांडपाणी समुद्रात सोडण्याआधी ते त्यातली ऊब काढून घेतं. त्या उबेनं दुसरं स्वच्छ पाणी तापवून नळांनी इमारतींमध्ये फिरवतात. सांडपाणी घरात येत नाही बरं का, येते फक्त ऊब!

कोमट पाण्यानं घर कसं तापेल? फ्रिजच्या मागं हात धरून पाहा, गरम लागतं. आतल्या दूध-भाजीची ऊब तिथं बाहेर पडते. हीट पंपाचं काम तसंच. त्यातला द्रव थंडीतही उकळतो आणि वाफ होताना ऊब ओढून घेतो. ती वाफ दाबली की तापते. सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो ना, तशी. वीज लागते ती ऊब इकडून तिकडं न्यायला. म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. कॉइलचा हीटर एकाला एकच देतो.

धारणीत एवढं सांडपाणी कुठून आणायचं? नकोच. हीट पंप साध्या हवेतूनही ऊब घेतो. आमच्यातल्या काहीजणी वसतिगृहात राहिल्या, थंड पाण्याची ती पहिली बादली अजून अंगावर काटा आणते. पन्नास मुलींना वीस-वीस लिटर धरलं तर हजार लिटर झालं. ते १५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला कॉइलला ३५ युनिट लागतात, हीट पंपाला १२च्या आसपास.

यंत्र महाग आहे. एकेका घरानं ते घ्यावं असं आम्ही म्हणणार नाही. पण शाळेच्या समितीत गिझरचा विषय निघाला, तर तीन गोष्टी विचारा: रोज किती युनिट जळतील, रात्री वीज गेली तर सकाळपर्यंत पाणी गरम ठेवणारी जाड आवरणाची टाकी आहे का, आणि बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार.