छताखालचे पॅडेल : पाऊस अडतो, उकाडा नाही

पावसाळा सुरू झाला की अनेक ज्येष्ठांचे सकाळचे फिरणे थांबते. चार महिन्यांच्या या खंडाने सांधे आखडतात, स्नायूंची ताकद घटते आणि रक्तातील साखरही वाढू लागते. मुंबई-पुण्यात आता दिसू लागलेली छताखालची पॅडेल कोर्टे हा अशा वेळी विचारात घेण्याजोगा पर्याय आहे.

पॅडेलचा जन्म १९६९ मध्ये मेक्सिकोतील अकापुल्को येथे झाला. २० मीटर लांब व १० मीटर रुंद कोर्टाभोवती काचेच्या भिंती आणि जाळी असते. खेळ बहुधा जोडीने खेळतात, सर्व्हिस कमरेच्या उंचीवरून करतात आणि भिंतीवरून परतलेला चेंडूही मारता येतो. त्यामुळे टेनिसपेक्षा धावपळ कमी होते.

उघड्या कोर्टावर पावसाने कृत्रिम हिरवळ निसरडी होते आणि ओल्या काचेवरून चेंडू घसरतो. छत हे टाळते. मात्र बाजू उघड्या असतील, तर तिरप्या सरींनी कडा भिजतात. बाजू पूर्ण बंद असतील, तर हवा कोंडते. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना अशा वेळी चक्कर येण्याचा धोका अधिक.

घरच्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात :

• कोर्टाच्या कडा कोरड्या आहेत का, वारा खेळता आहे का?

• हृदयविकार, गुडघ्याचे दुखणे किंवा तोल जाण्याची तक्रार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे का?

• मधुमेहाची औषधे चालू असल्यास सोबत साखर आहे का?

• पायात योग्य बूट व डोळ्यांवर संरक्षक चष्मा आहे का?

सुरुवातीस दहा मिनिटे अंग मोकळे करावे आणि वीस मिनिटेच खेळावे. खेळताना बोलता यावे. बोलताना धाप लागली, तर थांबावे. डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी उलट्या पावली धावू नये. तो गुण सोडून द्यावा. छातीत दडपण किंवा चक्कर जाणवल्यास खेळ तत्काळ थांबवावा व वैद्यकीय मदत घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. पावसाळाही त्याला अपवाद नाही. पॅडेल जमत नसेल, तर त्याच छताखाली चालावे. परंतु चार महिने खुर्चीत घालवू नयेत.