नोकरी गेल्यानंतर : भरपाई, बेरोजगारी भत्ता आणि पुनर्रोजगार सेवा

एखाद्या कंपनीने माणसे कमी केली की वर्तमानपत्रात 'ले-ऑफ' हा शब्द येतो आणि आपणही तोच वापरतो. भारतीय कामगार कायद्यात मात्र ले-ऑफ म्हणजे नोकरी जाणे नव्हे. कोळसा, वीज किंवा कच्चा माल मिळत नाही, तयार माल पडून आहे किंवा यंत्र बिघडले आहे, अशा कारणांमुळे हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराला मालक काही काळ काम देऊ शकत नाही. ही स्थिती म्हणजे ले-ऑफ. यात नोकरीचे नाते तुटत नाही. ते नाते मालकाने कायमचे तोडले तर कायदा त्याला 'रिट्रेंचमेंट' म्हणतो. आपण त्यासाठी 'नोकरकपात' हा शब्द वापरू. तिसरा शब्द आहे राजीनामा. कामगाराच्या दृष्टीने तिन्हींचा परिणाम एकच दिसतो : उद्यापासून पगार नाही. पण कागदावर यांतला कोणता शब्द लिहिला जातो, त्यावरून पुढे त्याला काय मिळणार हे ठरते. म्हणून विषयाची सुरुवात व्याख्यांपासून करावी लागते.

ले-ऑफ आणि नोकरकपात

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ याने घालून दिलेली चौकट औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये बरीचशी तशीच ठेवली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ले-ऑफच्या काळात कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या ५० टक्के भरपाई मिळते. त्यासाठीच्या अटी मात्र बारकाईने वाचाव्यात. आस्थापना कारखाना, खाण किंवा मळा असली पाहिजे आणि तिथे किमान ५० कामगार असले पाहिजेत. कामगाराची वर्षभर सलग सेवा झालेली असली पाहिजे. दुसऱ्याच्या जागी काम करणारा बदली कामगार, त्याचे वर्ष पूर्ण होईपर्यंत, यातून वगळलेला आहे. गिरण्यांचा इतिहास वाचलेल्यांना हा शब्द ओळखीचा असेल. म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीच्या कार्यालयात 'ले-ऑफ' झाला असे आपण म्हणतो, तिथे ले-ऑफची भरपाई मुळात लागूच होत नाही.

नोकरकपातीचे नियम अधिक व्यापक आहेत. वर्षभराची सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. सहा महिन्यांहून अधिक असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, आणि १२ महिन्यांत २४० दिवस काम झाले की वर्ष सलग मानले जाते. ही भरपाई सोय होईल तेव्हा देण्याची रक्कम नव्हे. जुन्या कायद्याखाली ती कपातीची पूर्वअट होती आणि ती न पाळलेली कपात न्यायालयांनी बेकायदा ठरवली. मोठ्या कारखान्यांना, खाणींना व मळ्यांना कपातीआधी सरकारची परवानगीही लागते. ही मर्यादा पूर्वी १०० कामगारांची होती, संहितेने ती ३०० केली. कामगार संघटना आणि उद्योजक यांच्यातील वाद बहुतेक वेळा याच आकड्याभोवती फिरतो. परवानगीने कपात उशिरा होते किंवा टळते. कपात झाल्यावर कामगाराचे पुढे काय, या प्रश्नाला मात्र ती हात लावत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कामगाराचे मासिक वेतन १५,००० रुपये आहे, त्याची सेवा ८ वर्षे ७ महिने झाली आहे आणि सगळे वेतन हिशेबात धरले जाते. सात महिन्यांचा तुकडा धरून नऊ वर्षे होतात. १५ दिवसांचे वेतन ७,५०० रुपये, म्हणून भरपाई ६७,५०० रुपये. नोटिशीच्या बदल्यात आणखी १५,०००. ग्रॅच्युइटी वेगळी, कारण ती सेवेचे बक्षीस आहे, कपातीची भरपाई नाही. तिथे महिना ३० ऐवजी २६ दिवसांचा धरतात, त्यामुळे तीच नऊ वर्षे सुमारे ७७,८८५ रुपये देतात. परीक्षेत या दोन हिशेबांची गल्लत हमखास होते. संहितेने भर घातली ती कामगार पुनर्कौशल्य निधीची. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे शेवटचे वेतन या निधीत भरायचे आणि ती रक्कम कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. आपल्या उदाहरणात ७,५०० रुपये. नाव पुनर्कौशल्याचे असले तरी प्रत्यक्षात हाती येतात ते पैसे. प्रशिक्षण कुठे आणि कोणते घ्यायचे, हे कामगारालाच शोधावे लागते.

आता याच कामगाराशेजारी वर्षभरापूर्वी लागलेला तरुण उभा करा. कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व 'शेवटी आला तो आधी जाईल' असे आहे, त्यामुळे कपातीत त्याचा नंबर पहिला. त्याची भरपाई मात्र ७,५०० रुपये, म्हणजे अर्ध्या महिन्याचे वेतन, आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षे झालेली नसल्याने तीही नाही. भरपाई मागे झालेल्या सेवेकडे पाहते. पुढचे काम मिळायला किती दिवस लागतील, याच्याशी तिचा संबंध नाही. ज्याला आधी जावे लागते त्यालाच सर्वांत कमी मिळते, हा या पद्धतीचा मूळ दोष आहे आणि १५ दिवसांचे ३० दिवस केले तरी तो जात नाही.

विम्याचा मार्ग

बेरोजगारी विम्याची कल्पना वेगळी आहे. नोकरीत असताना थोडी वर्गणी भरायची आणि नोकरी गेल्यावर ठरावीक काळ वेतनाचा काही भाग घ्यायचा. त्यामुळे माणसाला घाईघाईत मिळेल ते काम धरावे लागत नाही, त्याच्या कौशल्याला साजेसे काम शोधायला उसंत मिळते. भत्ता फार मोठा किंवा फार लांबला तर शोध रेंगाळतो, ही अर्थशास्त्रज्ञांची शंका. म्हणून बहुतेक देशांत भत्त्याला मुदत आणि काम शोधण्याची अट असते.

भारतात हे काम कर्मचारी राज्य विमा योजनेच्या पोटात, दोन तुकड्यांत होते. १ एप्रिल २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडल्यास, नोकरकपात झाल्यास किंवा कायमचे अपंगत्व आल्यास जास्तीत जास्त दोन वर्षे भत्ता देते. त्या काळात कुटुंबासह वैद्यकीय उपचार मिळतात, आणि कौशल्य वाढवण्यासाठी व्यावसायिक प्रशिक्षण घेतल्यास त्याचे शुल्क महामंडळ भरते. दुसरी, १ जुलै २०१८ पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती प्रायोगिक म्हणून सुरू झाली : सरासरी कमाईच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच.

या दुसऱ्या योजनेची २०२० मधली कहाणी मुद्दाम पाहावी. मूळ नियमांनुसार नोकरी गेल्यानंतर ९० दिवस थांबावे लागे, आणि अर्ज शेवटच्या मालकामार्फत पाठवावा लागे. ज्या मालकाने शटर ओढले, त्याच्याच सहीवर भत्ता अवलंबून! टाळेबंदीत लाखो लोकांचे काम गेल्यावर महामंडळाने दर ५० टक्के केला, थांबण्याचा काळ ३० दिवसांवर आणला आणि अर्ज थेट शाखा कार्यालयात देण्याची मुभा दिली. या सवलतीची मुदत पुढे वेळोवेळी वाढवली गेली. त्या दराने आपल्या उदाहरणातील कामगाराला रोज सुमारे २५० रुपये, ९० दिवसांचे २२,५०० रुपये होतात. तीन महिने घर चालायला ते अपुरे आहेत, पण वर्षभर नोकरी केलेल्या त्या तरुणाला तेवढेही नाहीत, कारण किमान दोन वर्षे विमाधारक असण्याची अट आहे.

दरापेक्षा व्याप्तीचा प्रश्न मोठा. ही विमा योजना साधारणपणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना लागू आहे. वर्गणी मालकाची ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५ टक्के. २५,००० रुपये पगारावर रुजू झालेला पदवीधर या छत्राबाहेर असतो, आणि नाक्यावर उभा राहणारा बांधकाम मजूरही बाहेरच. एकाचा पगार जास्त म्हणून, दुसऱ्याला मालकच नाही म्हणून. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढता येतात खरे, पण ती स्वतःचीच म्हातारपणाची पुंजी आहे. तिला बेरोजगारी भत्ता म्हणणे चुकीचे आहे.

नवे काम मिळवून देणे

पुनर्रोजगार सेवा म्हणजे रिकाम्या जागांची माहिती, समुपदेशन, प्रशिक्षण आणि गरज पडल्यास स्थलांतरासाठी मदत. आपल्याकडची सेवायोजन कार्यालये १९४५ साली दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी सुरू झाली. १९५९ च्या कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा कळवण्याचे बंधन आले, मात्र कार्यालयाने पाठवलेल्याच उमेदवाराला घेण्याचे नाही. जागा कळवली आणि माणूस ओळखीतून घेतला, असे करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. २०१५ पासून ही कामे राष्ट्रीय करिअर सेवा या संकेतस्थळावर आली. नोंदणी सोपी झाली, तरी नोकरी गेलेला पंचेचाळीस वर्षांचा यंत्रचालक आणि पहिली नोकरी शोधणारी विद्यार्थिनी तिथे एकाच रांगेत उभे असतात.

पैसा आणि सेवा एकत्र बांधण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत. बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ साली पुनर्वसन निधी योजना आली. तिच्यात पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत होती. उतरता भत्ता, हळूहळू दुसऱ्या कामाकडे वळायला लावणारा. १९९२ च्या राष्ट्रीय नवीकरण निधीचा उद्देश पुनर्प्रशिक्षण हाही होता, पण त्यातला बहुतेक पैसा सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर गेला. माझ्या मते हा अपघात नव्हता. निवृत्तीचा धनादेश एका दिवसात देता येतो, तर पन्नाशीच्या विणकराला दुसरे काम शिकवायला आणि मिळवून द्यायला वर्ष लागते आणि यश दिसेलच असे नाही.

तुलनेसाठी अमेरिका पाहू. तिथला बेरोजगारी विमा १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून आला आणि तो मुख्यतः मालकांवरील करातून चालतो. भत्ता घेणाऱ्याला काम शोधत असल्याचे दाखवावे लागते. १९९३ पासून राज्यांना आणखी एक काम दिले आहे : ज्यांचा भत्ता संपेपर्यंत नोकरी मिळण्याची शक्यता कमी, असे लोक सुरुवातीलाच ओळखून त्यांना पुनर्रोजगार सेवेकडे पाठवायचे. म्हणजे भत्त्याचा अर्ज हीच सेवेची पहिली पायरी होते. आपल्याकडे विमा महामंडळाच्या खिडकीवर अर्ज देणारा माणूस सेवायोजन कार्यालयाला माहीतही नसतो. त्याच व्यवस्थेत योग्य कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला मात्र भत्ता नाही.

राजीनाम्याचे कागद

हीच अट आपल्याकडेही आहे आणि इथेच शब्दांचा प्रश्न परत येतो. स्वेच्छेने सोडलेली नोकरी नोकरकपातीत मोडत नाही. त्यामुळे भरपाई नाही, पुनर्कौशल्य निधी नाही, आणि विम्याचा भत्ताही स्वेच्छानिवृत्तीसाठी किंवा गैरवर्तनामुळे काढल्यास मिळत नाही. कपात झालेल्याला संहितेनुसार आणखी एक हक्क असतो. मालकाने वर्षभरात पुन्हा भरती काढली तर त्याला आधी संधी द्यावी लागते. राजीनामा देणाऱ्याला ती नाही. म्हणूनच मनुष्यबळ विभागाच्या खोलीत बोलावून 'तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवाचे पत्र चांगले देऊ' असे सांगितले जाते, तेव्हा तिथे अनुभवाच्या पत्राच्या बदल्यात हे सगळे हक्क मागितले जात असतात.

दबावाखाली घेतलेला राजीनामा ऐच्छिक नव्हता असा दावा करता येतो, पण ते सिद्ध करण्याचा भार कामगारावर येतो, आणि तोही कायद्याच्या अर्थाने 'कामगार' असला तरच. व्यवस्थापकीय पदावरचे लोक त्या व्याख्येत येत नाहीत. संहितेनुसार पर्यवेक्षकाचे काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारेही येत नाहीत. नोकरीतून काढल्याचा वाद संघटनेशिवाय, एकट्यानेही नेता येतो : आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जायचे. जुन्या कायद्यात यासाठी तीन वर्षांची मुदत होती, संहितेत ती दोन वर्षे आहे.