गोळी बदलली, आता हा त्रास कशाचा?

नैराश्यावरची गोळी बदलून मिळाली की पहिले दोन-तीन आठवडे अवघड जाऊ शकतात. चक्कर, मळमळ, झोपेचा विचका, उगाचच दाटून येणारं रडू. नेमक्या याच दिवसांत घरचे, शेजारचे आणि मोबाइलवरचे सल्ले सुरू होतात. त्यातल्या चुकीच्या सल्ल्यांपायी माणसं उपचार अर्ध्यावर टाकतात, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

"औषध बदलावं लागलं, म्हणजे आजार हाताबाहेर गेला." असं अजिबात नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. पहिल्या औषधाने साधारण एक-तृतीयांश रुग्णांची लक्षणं जवळजवळ पूर्ण गेली. उरलेल्यांपैकी ज्यांचं औषध बदललं, त्यांच्यातल्या सुमारे चौघांत एकाला दुसऱ्या औषधाने तसाच आराम पडला. या आकड्यांवर पुढे वाद झाले, पण पहिल्या गोळीने भागलं नाही हा अनुभव अनेकांचा आहे एवढं नक्की. त्यात रुग्णाचा काही दोष नसतो.

"नवी गोळी मानवली नाही." सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. त्रास नवी गोळी सुरू झाल्यावर आला, म्हणून दोष तिच्यावर जातो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा जुनी गोळी शरीरातून निघून जाताना होत असतो. व्हेन्लाफॅक्सिन या गोळीचं रक्तातलं प्रमाण सुमारे ५ तासांत निम्म्यावर येतं. फ्लुऑक्सेटिनला त्यासाठी काही दिवस लागतात, आणि शरीरात त्यापासून तयार होणारा घटक त्याहूनही जास्त रेंगाळतो. त्यामुळे व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरॉक्सेटिन एकदम थांबवलं की दोन-चार दिवसांतच चक्कर, घाम, चिडचिड, भडक स्वप्नं सुरू होऊ शकतात. काहींना नजर फिरवताना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. हे सांगितलं तर लोक वेड्यात काढतील, या भीतीने अनेक जण गप्प बसतात. कृपया गप्प बसू नका. मनोविकारतज्ज्ञांच्या हे लक्षण चांगलं परिचयाचं असतं.

हा त्रास सगळ्यांना होतो, हाही गैरसमजच. 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये २०२४ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. औषध थांबवल्यावर सुमारे ३१ टक्के लोकांना लक्षणं जाणवली, तर औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्के लोकांना ती जाणवली. म्हणजे खरोखर औषधामुळे त्रास होणारे साधारण सहा-सात जणांत एक. मात्र वर्षानुवर्षं गोळी घेतलेल्या काहींना तो अनेक आठवडे, क्वचित महिने पुरतो. त्यांचं म्हणणं 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावणं मला क्रूरपणाचं वाटतं.

म्हणूनच औषध बदलण्याचा एकच ठरलेला मार्ग नसतो. कधी जुनी थांबवून दुसऱ्या दिवशी नवी सुरू करतात, कधी जुनीचा डोस उतरवत नवीचा चढवतात, तर कधी मध्ये काही दिवस मोकळे सोडतात. फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन यकृतातल्या एका विकराचं काम मंदावतात. त्यामुळे त्यांच्या पाठोपाठ अमिट्रिप्टिलिन दिलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढतं, आणि सुरुवात कमी डोसने करावी लागते. शेजारणीला दिलेलं वेळापत्रक तुम्हाला चालत नाही, ते यासाठी.

"एक दिवसाआड घेत सोडून द्यावी." लवकर उतरणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत हा सल्ला त्रासच वाढवतो, कारण रक्तातलं प्रमाण दर दुसऱ्या दिवशी धाडकन खाली येतं. रोजचाच डोस थोडा थोडा कमी करत जाणं बरं. संथपणे विरघळणारी कॅप्सूल किंवा गोळी फोडून, कुटून घेऊ नका. सगळं औषध एकदम शरीरात उतरतं.

"बघा, सवय लागलीच ना?" शरीर औषधाला रुळलेलं असतं, हे खरं. पण व्यसनात असते तशी तलफ आणि डोस वाढवत नेण्याची ओढ इथे नसते.

"आजार उलटला." तेही असू शकतं, पण वेळ बघा. डोस कमी केल्यावर काही दिवसांतच चक्कर आणि डोक्यातले झटके आले, तर संशय औषधावर. उदासी काही आठवड्यांनी हळूहळू परत चढत गेली, तर आजारावर. सीमारेषा नेहमीच स्वच्छ नसते, म्हणून कोणत्या तारखेला डोस बदलला आणि कधी काय झालं हे वहीत लिहून ठेवा.

"औषध गरम पडलं." मळमळ आणि जुलाब उष्णतेचे नसतात. सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनाचा सुमारे ९० टक्के भाग पचनमार्गात असतो, आणि यातल्या बऱ्याच गोळ्या सेरोटोनिनवरच काम करतात. गोळी जेवणानंतर घ्या, थोडं थोडं खा. बहुतेकांचा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. उपवास असेल तर तो आधीच डॉक्टरांना सांगा. झोप उडत असेल तर गोळी सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री घेता येईल का, हे विचारा. गुंगी आहे तोवर दुचाकी चालवू नका.

"सहन करा, होईल सवय." सगळंच सहन करायचं नसतं. ताप, दरदरून घाम, अंगाची थरथर, स्नायू आखडणं, जुलाब आणि गोंधळलेपण एकत्र दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. सेरोटोनिन धोकादायक पातळीवर गेल्याची ती चिन्हं असू शकतात. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची औषधं हा धोका वाढवतात, म्हणून दुकानदाराला चालू गोळीचं नाव सांगा. वयस्कर माणूस अचानक बरळू लागला किंवा तोल जाऊन पडला, तर या गोळ्यांमुळे रक्तातलं सोडियम कमी झालंय का, हे तपासायला हवं. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये गोळी सुरू करताना किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ साली मुलांसाठी दिलेला इशारा २००७ मध्ये तरुणांपर्यंत वाढवला. अशा वेळी त्यांना एकटं सोडू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

लैंगिक इच्छा कमी होणं हा या औषधांचा नेहमीचा दुष्परिणाम, आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. अनेक जण केवळ त्यापायी गुपचूप गोळी बंद करतात. डोस कमी करणं, बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनसारखं दुसरं औषध निवडणं असे मार्ग डॉक्टरांकडे असतात. त्यांनी विचारलं नाही, तर तुम्ही स्वतः विषय काढा. घरच्यांसमोर संकोच वाटत असेल तर पाच मिनिटं एकट्याने बोलायला मागा.