डोळा टिपला, कान गेला
फुजीफिल्मच्या जीएफएक्स कॅमेऱ्यांचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमीचा. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर फक्त २६.७ मिमी, निकॉनच्या एफ माउंटला ते ४६.५ लागतं. मधल्या १९.८ मिमीत अडॅप्टर बसतो आणि कपाटातली जुनी लेन्स पुन्हा कामाला लागते. ती घडवलेली याहून लहान ३५ मिमी फिल्मसाठी, त्यामुळे कोपरे काळवंडू शकतात. मिताकॉनची ६५ मिमी एफ/१.४ मात्र खास या मोठ्या सेन्सरसाठीच बनलेली.

खरी कसोटी हाताने करायच्या फोकसची. मिताकॉनचं अॅपर्चर पूर्ण उघडलं, की दीड मीटरवरच्या चेहऱ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण पाच सेंटीमीटरचा. मोठ्या प्रिंटमध्ये तोही अरुंद वाटतो. स्पष्ट कडांवर उमटणारे फोकस पीकिंगचे रंगीत ठिपके इथे ढोबळच (माझा तरी त्यांच्यावर भरवसा नाही). व्ह्यूफाइंडरमध्ये पापणी मोठी करून बघा, मग रिंग फिरवा.