राणी, गाठ आणि चिकटलेला 'ट'

भडक, स्वस्त, नुसत्या भपक्याच्या वस्तूला इंग्रजीत 'टॉड्री' म्हणतात. विशेषण तसं रोजच्या बोलण्यातलं नाही आणि कौतुकाचं तर मुळीच नाही. पण त्यात एक संत दडली आहे, आणि तीही राजघराण्यातली!

सातव्या शतकात इंग्लंडच्या पूर्वेला ईस्ट अँग्लिया नावाचं राज्य होतं. तिथल्या ॲना राजाची (हो, राजाचंच नाव ॲना!) मुलगी एथेलथ्रिथ. दोन लग्नं झाली, दुसऱ्या लग्नाने ती नॉर्थंब्रियाची राणीही झाली. मन मात्र संसारात कधीच रमलं नाही. सगळं सोडून तिने ६७३ साली ईली इथे मठ काढला. दलदलीने वेढलेल्या या जागेला तिथल्या ईल माशांवरूनच नाव पडलं, असं बीड हा जुना इतिहासकार सांगतो.

६७९ साली ती वारली. शेवटच्या आजारात मानेवर मोठी गाठ आली होती. बीड लिहितो, की हे दुखणं तिने आनंदाने सोसलं. तरुणपणी गळ्यात हार मिरवले, त्याचं हे प्रायश्चित्त, अशी तिची समजूत होती.

बोलता बोलता एथेलथ्रिथची 'ऑड्री' झाली. ऑड्री हेपबर्नचं नाव मुळात हेच. ईलीत संत ऑड्रीची जत्रा भरू लागली आणि जत्रेत काय खपावं? गळ्यात बांधायच्या रेशमी फिती! नाव 'सेंट ऑड्रीज लेस'. ही लेस म्हणजे जाळीची झालर नव्हे, गोफासारखी फीत. भरभर बोलताना 'सेंट'मधला ट पुढे सरकून ऑड्रीला चिकटला आणि 'टॉड्री लेस' तयार झाली. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये मोप्सा ही धनगराची पोर हौसेने तीच मागते. तोवर शब्दाला बट्टा लागलेला नव्हता. पुढे जत्रेतला माल हलका होत गेला, तशी शब्दाची पतही उतरली. सतराव्या शतकात 'लेस' गळाली, हिणवणारं विशेषण उरलं. गळ्यातल्या दागिन्यांचा जिला पश्चात्ताप झाला, तिचंच नाव स्वस्त नटव्या दागिन्यांना!

ट चिकटण्याची खोड लंडनमध्येही दिसते. लंडन ब्रिजजवळच्या टूली स्ट्रीटमध्ये नॉर्वेचा राजा सेंट ओलाव्ह असाच लपला आहे. त्याच्या वाट्याला निदान रस्ता तरी आला.